एसीच्या ब्लोअरची हवा मंदावली? गॅस भरण्याआधी हे तपासा

उन्हाळा तापला की ठाणे-नवी मुंबईत एसी मेकॅनिकची वेळ मिळणं मुश्कील. मिळालीच, तर "थंड होत नाही" या तक्रारीवर ठरलेलं उत्तर येतं: गॅस कमी झालाय, भरावा लागेल. आता, हा गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न बुजवता भरलेला गॅसही निघूनच जाणार. म्हणून त्या खर्चाला हो म्हणण्याआधी आतल्या युनिटचा ब्लोअर, म्हणजे हवा खोलीत ढकलणारा पंखा, स्वतः बघून घ्या. इथे स्प्लिट एसीबद्दलच लिहितो आहे.

आधी हवेचा जोर बघा

एसी फॅन मोडवर आणि सगळ्यात जास्त स्पीडवर ठेवा. वर्तमानपत्राची लांब पट्टी फाडून झोतासमोर धरा. पट्टी जोरात फडफडते, पण कूलिंगवर टाकल्यावर हवा गार लागत नाही? मग दोष बाहेरच्या युनिटात किंवा गॅसमध्ये असण्याची शक्यता जास्त. तिथे मेकॅनिकच हवा. नव्या एसींमधला आर-32 गॅस थोडाफार ज्वलनशीलही असतो, त्या नळ्यांना हात लावू नका.

पट्टी जेमतेम हलत असेल तर अडचण हवेची आहे. कॉइलवर, म्हणजे फिल्टरमागच्या गार होणाऱ्या नळ्या-पत्र्यांवर, बर्फ दिसला तर एसी बंद करून तो आपोआप वितळू द्या. सुरीने खरवडायला जाल आणि कॉइलला भोक पाडाल. फक्त बर्फ दिसला म्हणून गॅस कमी, असा निष्कर्ष काढू नका. कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही तरी बर्फ धरतो.

जाळीचे फिल्टर काढा, नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. फिल्टर न लावता घटकाभर फॅन चालवून बघा. जोर परत आला तर काम झालं.

ब्लोअरची सफाई

नाही आला, तर एमसीबी, म्हणजे एसीची वीज तोडणारा खटका, खाली करा. नुसतं रिमोटने बंद करून चालणार नाही. फ्लॅप हळूच उघडून आत टॉर्च मारा. लांबट पिंजऱ्यासारखा जो ड्रम दिसतो, तोच ब्लोअर. त्याची पाती आतून बाकदार असतात आणि सगळी करामत त्या बाकाची. तो धुळीने भरला की मोटर पूर्ण वेगात फिरूनही हवा पुढे ढकलली जात नाही. घोडबंदर रोडला बांधकामांची धूळ, तुर्भे-महापेकडे एमआयडीसीची, आणि वर खाडीची दमट हवा. त्यामुळे आपल्याकडे हा थर कोरडा राहत नाही, चिकट काळा लगदा होतो. व्हॅक्यूम क्लीनरने तो निघत नाही.

युनिटखाली जाड प्लास्टिक असं बांधा की पाणी थेट बादलीत उतरेल. पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बहुतेक वेळा उजव्या बाजूला असतो. ती बाजू प्लास्टिकने घट्ट झाका. भांडी घासायचं लिक्विड कोमट पाण्यात पातळ करून स्प्रेच्या बाटलीने पात्यांवर मारा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या. मग बाटली धुवायच्या लांब, मऊ ब्रशने एकेक पातं घासा आणि बोटाने ड्रम थोडा थोडा पुढे सरकवा. कंटाळवाणं काम आहे, पण घाई केली आणि पातं मोडलं तर ड्रमचा तोल जाऊन युनिट थरथरायला लागेल. ॲसिडवालं क्लीनर नको, कॉइलचे ॲल्युमिनियमचे पत्रे खराब होतात. शेवटी साधं पाणी मारा आणि काही तास वाळू द्या. लगेच चालू केलंत तर काळे थेंब भिंतीवर उडतील.

फिरताना चिर्रचिर्र आवाज येत असेल तर मोटरच्या विरुद्ध टोकाचा रबरी बुश सुकला किंवा झिजला असेल. खडखड असेल तर ड्रम शाफ्टवर घट्ट धरणारा स्क्रू बघा.

ब्लोअर फिरतच नाही

इन्व्हर्टर एसी असेल तर इथेच थांबा. त्यांत बहुधा डीसी मोटर असते आणि बोर्डवर 300 व्होल्टच्या वरचा डीसी दाब असू शकतो. एसी साधा असला तरी वॉरंटी चालू असताना कव्हर उघडू नका.

जुन्या, साध्या एसीत मोटर नुसती गुणगुणते आणि हाताने फिरवून बघितल्यावर ड्रम सैल आहे, तर पहिला संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणाऱ्या छोट्या भागावर. दुकानात त्याला कंडेन्सर म्हणतात. किंमत साधारण शंभर रुपयांच्या आत, आणि याच्याच जागी कित्येकांच्या माथी नवी मोटर मारली जाते. एमसीबी बंद करून दहा मिनिटं थांबा, मग कव्हर काढा. कपॅसिटरची दोन्ही टोकं इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने जोडून आधी डिस्चार्ज करा, म्हणजे साठलेली वीज काढून टाका, त्याआधी हात लावू नका. मग एक वायर सोडवून कपॅसिटन्स मोजणाऱ्या मल्टिमीटरवर बघा. वर 1.5 मायक्रोफॅरड छापलंय आणि मीटर 1.2 दाखवतोय, तर तो गेला. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त चालेल. ठाणे स्टेशनबाहेरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात नाही मिळाला, तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळेल. तो पीसीबीवर सोल्डर केलेला असेल तर बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडूनच बदलून घ्या.

ब्लोअर काही सेकंद फिरून थांबतो आणि दिवा लुकलुकतो, तेव्हा बहुधा मोटरकडून बोर्डला वेगाचा सिग्नल पोहोचत नसतो. कनेक्टर काढून नीट बसवून बघा. तरीही तेच, किंवा जळका वास आला, तर मेकॅनिकला बोलवा.

मोटर बदलायची वेळ आलीच तर तिच्या लेबलचा, कनेक्टरचा आणि वायरींच्या रंगांचा फोटो काढून ठेवा, किंमत दोन-तीन दुकानांत विचारा, आणि काढलेली जुनी मोटर मेकॅनिककडून मागून घ्या.