ग्रिप आणि मनगट मोजताय? या चुका टाळा

ऐरोली-महापेचे आयटीवाले आणि एमआयडीसीत पॅकिंगला असलेले लोक हात दुखतो म्हणून फिजिओकडे येतात आणि बऱ्याच जणांकडे आधीच्या सेंटरचा कागद असतो, त्यावर मुठीच्या ताकदीचा आकडा फक्त "ग्रिप २४". किलो की पाउंड, उजवा की डावा, बसून की उभं राहून, काहीच नाही. आता २४ पाउंड म्हणजे जेमतेम ११ किलो, मग ताकद कमी झाली की वाढली हे ठरवायचं कशावरून?

सगळ्यात मोठा घोळ बसण्याचा. डायनॅमोमीटर (मूठ दाबून ताकद मोजायचं यंत्र) हातात देऊन "दाबा जोरात" म्हटलं की माणूस कोपर सरळ करतो, खांदा उचलतो आणि दात-ओठ खाऊन दाबतो, मग पुढच्या वेळी तसंच दाबेल याची गॅरंटी नाही. हँड थेरपीतली नेहमीची पद्धत साधी आहे: खुर्चीत बसवा, खांदा अंगालगत, कोपर ९० अंशात, अंगठा वर, मनगट सरळ किंवा ३० अंशांपर्यंत मागे. जामार या नेहमीच्या डायनॅमोमीटरच्या हँडलला पाच पोझिशन असतात, त्यातली दुसरी सहसा वापरतात, पण आधीच्या पेशंटने बदललीय का ते बघून घ्या राव. तीनदा दाबायला लावून सरासरी काढायची, मध्ये जरा दम खाऊ द्यायचा.

आणि तिन्ही वेळा बरोब्बर ३० च आलं तर खूश होऊ नका, कमाल आकडा धरून ठेवणारा काटा शून्यावर आणायचा राहिलाय का बघा. दुसऱ्यांदा कमी जोर लागला तरी तो काटा पहिल्याच आकड्यावर बसून राहतो.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत हँडलला लटकत आलेल्या माणसाला आल्या आल्या दाबायला लावणं हेही चुकीचंच, आधी बसू द्या जरा.

मनगटाचं बघा. मूठ घट्ट आवळून मनगट खाली वाकवा, मग बोटं सैल सोडून वाकवा, फरक लगेच कळेल. बोटं उघडणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरूनच जातात, मूठ वळली की त्या आधीच ताणल्या जातात आणि ८० अंशांच्या आसपास जाणारं मनगट बरंच आधी अडकतं, मग रिपोर्टात येतं "स्टिफनेस". मनगट मागे नेताना उलटं, तिथे बोटं ताठ ठेवली की अडतं. त्यामुळे दोन्हीकडे बोटं सैलच. पेशंटने स्वतः वाकवलेलं आणि तुम्ही दाबून वाकवलेलं वेगवेगळं लिहा.

ऑफिसात जाऊन मोजत असाल तर "हात कीबोर्डवर ठेवा" म्हणू नका, सगळे लगेच शहाण्यासारखे बसतात. मेल टाइप करू द्या, मग बाजूने बघा. कीबोर्डच्या मागचे पाय उभे केलेले असले की मनगट मागे वळतं, ते तेव्हाच दिसतं.

नेटवरचे ग्रिपचे कटऑफही सरसकट लावू नका. २०१९ चे आशियाई आकडे, पुरुष २८ आणि बायका १८ किलो, त्याखाली म्हणजे ताकद कमी, हे म्हातारपणी स्नायू झडतात ते ओळखायला आहेत, तिशीतल्या कोडरला ३० आले म्हणून "नॉर्मल" कसलं? त्याचा दुसरा हात मोजा. उजव्या हाताचा माणूस असेल तर उजवा साधारण १० टक्के जास्त धरतात, डावखुऱ्यांत मात्र दोन्ही बऱ्याचदा सारखेच निघतात.

नुकतं फ्रॅक्चर किंवा टेंडनचं (स्नायूच्या दोरीचं) ऑपरेशन झालं असेल तर सर्जनने हो म्हणेपर्यंत फुल जोराची ग्रिप घ्यायचीच नाही, पिंचही (चिमटीची ताकद) नाही, पेशंट कितीही म्हणाला "बघू तरी किती येतंय".