सीमेच्या आतली प्रत्येक टाइल कामाची नसते

रामबागेत भाच्याकडे गेलो होतो. पठ्ठ्याने ‘सिव्हिलायझेशन ६’ या शहरं वसवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये राजधानीपासून चौथ्या टाइलवर, म्हणजे नकाशावरच्या षटकोनी घरावर, शेत केलेलं, आणि वर तक्रार, "मामा, शहर वाढतच नाही!"

शहराची हद्द पाच टाइलपर्यंत पसरते खरी, पण नागरिक राबतात ते मध्यापासून तीन टाइलच्या आतच. शहर जिच्यावर वसतं ती मधली सोडून अशा ३६ टाइल होतात. एका टाइलवर एक नागरिक, म्हणजे लोकसंख्या ५ असेल तर पाचच टाइलचं उत्पन्न. मधल्या टाइलचं फुकट मिळतं. डिस्ट्रिक्ट (शहराचे खास विभाग) आणि वंडर (जगातली आश्चर्यं) हेही तीनच्या आतच बांधावे लागतात.

चौथ्या-पाचव्या वर्तुळातल्या शेताचं धान्य शहराला मिळत नाही. हिऱ्यांचं तसं नाही: हद्दीत असतील तर तिथेही खाण काढावी, त्यांची सुविधा (लोकांना खूश ठेवणारी ‘अ‍ॅमेनिटी’) मिळते.

शहरावर क्लिक करून नागरिकांचं चिन्ह दाबलं की कोण कुठे राबतंय ते दिसतं. हे मात्र नेहमी बघाच. गेम आपल्या मनाने माणसं नेमतो आणि ती नेमणूक दर वेळी आपल्याला हवी तशी नसते. हव्या त्या टाइलवर क्लिक केलं की नागरिक तिथे पक्का बसतो. शेजारच्या आपल्याच शहराची टाइल दोघांच्या टप्प्यात असेल तर अदलाबदलही होते.

भाच्याने शेत तिसऱ्या टाइलवर केलं, मग पोहे खायला उठला.