बायकांचं प्रो गोल्फ बघायला सुरुवात कशी करायची

७ ऑगस्ट २०२१, शनिवारची पहाट. आपली गोल्फपटू अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये मेडलच्या दारात उभी होती आणि आमच्या चेंबूरच्या बिल्डिंगमध्ये ज्यांनी जन्मात गोल्फची काठी हातात धरली नाही तेसुद्धा चहा घेऊन टीव्हीसमोर. आई दर दोन मिनिटांनी, "मायनस पंधरा म्हणजे मागे पडली का रे?" एका शॉटने ब्राँझ गेलं, चौथी आली. बाकीच्यांनी टीव्ही बंद केला तो केलाच, मी मात्र अडकलो.

तर पहिलं आईच्या प्रश्नाचं उत्तर, मायनस म्हणजे पारपेक्षा, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा, किती कमी फटके लागले ते, म्हणून मायनस जितका मोठा तितकं चांगलं. आणि नुसता स्कोअर बघू नका, शेजारी 'थ्रू' लिहिलेलं असतं ते बघा, म्हणजे त्या दिवसाच्या अठरापैकी किती होल खेळून झाले ते. एक जण मायनस नऊवर खेळ संपवून बसलीय आणि दुसरी मायनस आठवर, पण थ्रू १३, म्हणजे तिच्या हातात अजून पाच होल आहेत, मग खरी पुढे कोण ते तुम्हीच ठरवा. सगळी मजा इथेच आहे.

दुसरं म्हणजे एकाच नावावर जीव टाकू नका, मी टाकला आणि फसलो. २०२४ मध्ये अमेरिकेच्या नेली कोर्डाने एलपीजीए टूरवर, म्हणजे बायकांच्या गोल्फच्या मुख्य वर्षभराच्या मालिकेत, ७ स्पर्धा मारल्या, त्यातल्या ५ सलग, आणि २०२५ मध्ये? एकही नाही! आणि ती काही वाईट खेळत नव्हती हां. त्या वर्षी पाच मेजरला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांना, पाच वेगळ्या विजेत्या: माओ साइगो, माया स्टार्क, मिनजी ली, ग्रेस किम, मियू यामाशिता. सीझनमध्ये दुसऱ्यांदा जिंकणारी पहिली बाई मिळाली ती थेट ऑक्टोबरमध्ये शांघायला, थायलंडची जीनो थितिकुल.

इतक्या वेगवेगळ्या विजेत्या का, तर १९९८ मध्ये कोरियाची से री पाक बायकांची यूएस ओपन जिंकली आणि कोरियातल्या पोरी तिला बघून खेळायला लागल्या. आता जपानची पाळी आहे, तिथली घरची टूरच इतकी तगडी की पोरी तयार होऊनच अमेरिकेत उतरतात. इवाई जुळ्या बहिणींचंच घ्या ना, चिसातो आणि आकिए, दोघी २०२५ मध्येच जिंकल्या. पैसाही ओढतोच म्हणा, सीझनच्या शेवटच्या स्पर्धेत विजेतीला ४० लाख डॉलर. म्हणून मी आता एक खेळाडू नाही, पाच-सहा जणींची यादी ठेवतो आणि त्यात दोन तरी जपानी असतातच.

वेळेचं गणित बघा. अमेरिकेतली स्पर्धा रविवारी रात्री उशिरापर्यंत चालते आणि सोमवारी सकाळी लोकलमध्ये उभ्याउभ्या झोप लागते, अनुभव आहे. त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमधल्या थायलंड, सिंगापूरपासून सुरुवात करा, सगळं दिवसाढवळ्या. स्पर्धा सहसा गुरुवार ते रविवार, रोज एक राऊंड. गुरुवार सोडला तरी चालतो, रविवारचे शेवटचे नऊ होल सोडायचे नाहीत.

आपल्या मुलींसाठी मात्र शुक्रवार महत्त्वाचा. बहुतेक स्पर्धांत दोन राऊंड झाले की कट लागतो, रेषेखालच्या घरी, आणि सहसा त्यांना पैसेही नाहीत. अदिती किंवा डावखुरी दीक्षा डागर खेळत असेल तर आधी तीच रेष शोधायची. आईला बर्डी-बोगी (होलवर पारपेक्षा एक फटका कमी किंवा जास्त) अजून कळत नाही, पण शुक्रवारी भाजी निवडता निवडता विचारते, "वर आहे ना रे आपली?"