पावसाळ्यातली दगडी: सुई टोचण्याआधी वही उघडा

जुलै-ऑगस्टात गोठ्यातली जमीन वाळत नाही. शेणामुताचा चिखल कासेला लागतो आणि दगडी, म्हणजे कासदाह, डोकं वर काढतो. सड कडक लागतो, गाय हात लावू देत नाही, पहिल्या धारेत गुठळ्या दिसतात. मग फडताळातून मागच्या वेळची उरलेली प्रतिजैविकाची, म्हणजे जिवाणू मारणाऱ्या औषधाची, बाटली निघते. दोन दिवस सुई, सूज उतरली की बंद.

घोळ इथेच होतो. अर्धवट डोसात कमजोर जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. पुढच्या दगडीला तेच औषध पाण्यासारखं जातं. असे चिवट जंतू धार काढणाऱ्याच्या हातावरून घरातही येऊ शकतात.

याच दिवसांत तिवाही येतो. जनावर तापतं, लंगडतं, खाली बसतं. तो विषाणूचा आजार, प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही. लाळ्या खुरकूत आणि लम्पीचंही तेच. जखम चिघळली म्हणून डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं तर ती गोष्ट निराळी. घटसर्प मात्र जिवाणूंचा, तिथे एकेक तास मोलाचा. लक्षणं सुरुवातीला सारखी वाटतात, म्हणून अंदाजाने सुई टोचू नका, जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या 1962 या मदत क्रमांकावर फोन लावा.

आता वही. शाळेची शंभर पानी चालेल. प्लास्टिकच्या पिशवीत घालून गोठ्याच्या खांबाला टांगा, पेन दोरीने बांधा (नाहीतर तो नेमका वेळेला सापडत नाही). प्रत्येक उपचाराची एक ओळ: तारीख, कानातल्या बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे, आजार, कोणता सड, औषधाचं नाव, किती दिलं, कुणी दिलं, शेवटचा डोस कधी, डेअरीला दूध कधीपासून घालायचं.

शेवटचे दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे. औषधाचे अंश दुधात उतरतात, म्हणून काही काळ दूध थांबवायचं; हा काळ पहिल्या सुईपासून नव्हे, शेवटच्या डोसपासून मोजतात. शेवटचा डोस 5 ऑगस्टला संध्याकाळी 6 ला झाला आणि बाटलीवर 96 तास लिहिले असतील, तर 9 तारखेच्या संध्याकाळची धारही बाजूला काढा. डेअरीला 10 तारखेच्या सकाळचं घाला. लेबलवर काळच दिलेला नसेल, तर औषध नियमांनुसार दुधासाठी निदान 7 दिवस आणि मांसासाठी 28 दिवस धरायचे. तोवर गाईच्या मागच्या पायाला लाल चिंधी बांधा, म्हणजे धारेला दुसरं कुणी बसलं तरी चुकत नाही.

एका सडाला औषध सोडलं तरी चारही सडांचं दूध बाजूलाच. उकळल्याने औषधाचे अंश पूर्ण जात नाहीत. आमच्या घरी एकदा विरजण दोन दिवस लागलं नाही. बायको विरजणाला नावं ठेवत होती. वहीत पाहिलं तर चूक माझी, तीन दिवसांपूर्वी सुई दिलेल्या गाईचं दूध घरात आलं होतं. दही लावणारे जंतूच त्यात मरत होते. असं दूध वासरालाही पाजू नका, त्याच्या पोटात चिवट जंतूंची पैदास होते.

पुन्हा पुन्हा दगडी होणाऱ्या गाईचं दूध तपासून घ्या. पहिल्या धारा टाकून द्या, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, निर्जंतुक बाटलीत थोडं दूध धरा आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवा. नमुना औषध देण्याआधीच घ्यायचा. कोणतं औषध चालेल ते अहवालात येतं.

औषधाची वेळच कमी यावी यासाठी: धार झाल्यावर सड पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवा. सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, तेवढा वेळ गाय खाली बसू नये म्हणून वैरण धारेनंतर टाका. दुखऱ्या गाईची धार सगळ्यात शेवटी.

कोंबड्या पाळणाऱ्यांना एवढंच: अन्नासाठी पाळलेल्या जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी आणि त्यांच्या खाद्यात कोलिस्टिन या प्रतिजैविकावर 2019 पासून बंदी आहे. ‘वाढीची पावडर’ म्हणून कुणी पुडी देत असेल तर आधी घटक वाचा.

डॉक्टर गोठ्यात आले की चहाआधी वही हातात द्या. मागच्या वेळी काय दिलं आणि काय लागू पडलं नाही, ते त्यांना तिथेच दिसेल.