खिडकीजवळ मुलांचे फोटो: अर्धा चेहरा काळा येत होता, तो असा सुटला

फोटोत एक गाल पांढराफटक, दुसरा काळा आणि कपाळावर पिवळट झाक. यातली झाक ट्यूबलाइटची. खिडकीचा उजेड निळसर, दिव्याचा वेगळा, दोन्ही एकत्र आले की व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात असलेली रंगजुळणी) कुठलाच जुळत नाही. खोलीतले सगळे दिवे बंद केले, झाक गेली.

काळ्या गालाचं कारण अंतर. मूल खिडकीला चिकटून बसलं की उजेड नाकापलीकडे झपाट्याने उतरतो. तीन-चार फूट मागे घ्या, चेहरा खिडकीकडे साधारण ४५ अंशांत वळवा आणि अंधाऱ्या बाजूला, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, पांढरा थर्माकोलचा शीट उभा करा. दीड-दोन फुटांवर पुरतो. पांढरी चादर चालते. रंगीत नको, लाल सतरंजीनेसुद्धा हनुवटी लाल होते!

थेट ऊन आत येत असेल तर खिडकीवर जुनं पांढरं धोतर ताणून बांधा. उत्तरेच्या खिडकीला बहुधा त्याचीही गरज नसते.

जमिनीवर बसलेल्या मुलावर उजेड वरून पडतो, डोळ्यांखाली खड्डे दिसतात. पाटावर नाही, पलंगावर बसवा. बुबुळात खिडकीचा छोटा पांढरा चौकोन दिसला की जागा बरोबर.

मुलं हलतात, म्हणून शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा मंद नको. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं तोंड) एफ/२.८, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० ते १६००. आयएसओ वाढल्याने फोटोत थोडे दाणे आले तर परवडले, हललेला फोटो नाही. फोकस जवळच्या डोळ्यावर. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस लॉक करा, मग बाजूला येणारी उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा.