सहीतला लोगो फक्त मलाच दिसत होता

जीमेलच्या सिग्नेचरमध्ये (मेलच्या शेवटी आपोआप येणारी सही) कंपनीचा लोगो टाकला आणि आठवडाभर खुशीत होतो. मग एका ग्राहकाने स्क्रीनशॉट पाठवला: लोगोच्या जागी फुटकी चौकट! माझ्याकडे मात्र सगळं झकास.

लोगो मी गूगल ड्राइव्हमधून घेतला होता आणि ती फाइल फक्त माझ्यापुरती उघडी होती. मी लॉगिन असल्यामुळे मला दिसायचा, बाकीच्यांना नाही. फाइलचं शेअरिंग 'लिंक असलेल्या कोणालाही' असं करूनही भागतं. मी मात्र लोगो आमच्या वेबसाइटवर चढवला आणि सिग्नेचरमध्ये चित्राचा तो वेबपत्ता दिला. दुसऱ्या खात्यावर मेल पाठवून पाहिला, लोगो आला!

पण आउटलुकमध्ये (मायक्रोसॉफ्टचं मेलचं अ‍ॅप) तोच लोगो अर्धा पडदा व्यापून बसला. मूळ चित्र १२०० पिक्सेल रुंद, आणि विंडोजवरचं जुनं आउटलुक सीएसएसमधली (मजकुराची मांडणी ठरवणाऱ्या कोडमधली) रुंदी जुमानत नाही. चित्राच्या टॅगमध्येच (एचटीएमएल कोडमध्ये चित्र जिथे लावतात तिथेच) रुंदी १५० लिहिली, तेव्हा कुठे जागेवर आला.

फोन नंबरही आधी चित्रातच होता (हौस, दुसरं काय). काही ठिकाणी चित्रं आपोआप उघडतच नाहीत, म्हणून तो आता साध्या अक्षरांत आहे.