सोलापुरात हेवी लायसनसाठी येताय? फी भरण्याआधी एवढं वाचा

धाराशिव, लातूर, बीडकडून हेवी लायसन, म्हणजे ट्रकसारख्या जड गाडीचं लायसन, काढायला सोलापुरात येणारी पोरं बहुतेक ड्रायव्हिंग शाळांची एकच जाहिरात बघून आलेली असतात. दीड महिन्यात लायसन, नोकरीची शंभर टक्के हमी, पहिल्याच वर्षी महिना तीस हजार. मी भूमकडून इथं आलो, गाडीवरच वाढलो आणि आता इथलाच झालो. गावाकडून कुणाचा फोन आला की मी आधी एवढंच विचारतो, "हलक्या गाडीचं लायसन कधी काढलंस?"

जाहिरातीतला दीड महिना तिथंच अडतो. ट्रान्सपोर्ट गाडीचं, म्हणजे भाड्यानं माल-माणसं वाहणाऱ्या गाडीचं, नुसतं शिकाऊ लायसन मिळायलासुद्धा हलक्या गाडीचं पक्कं लायसन निदान एक वर्ष जुनं लागतं, आणि वय 20 पूर्ण लागतं. शिकाऊ निघाल्यावर 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. ड्रायव्हिंग शाळेचं फॉर्म 5, म्हणजे शिक्षण पूर्ण केल्याचा दाखला, लागतं, आणि नियमाप्रमाणे ट्रान्सपोर्ट गाडीचं शिक्षण किमान 30 दिवसांचं, त्यात प्रत्यक्ष स्टेअरिंगवर 15 तास. तुमचं कारचं लायसन चार महिन्यांपूर्वीचं असेल आणि समोरचा माणूस "ते आम्ही बघून घेतो" म्हणाला, तर तिथून उठा. एकतर तो फी घेऊन तुम्हाला आठ महिने बसवणार, नाहीतर कागदात काहीतरी खोटं घालणार. खोट्या लायसनवर अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि मग मालक, कोर्ट, पोलीस सगळे तुमच्याच दारात. लायसन हातात पडलं की परिवहनच्या सारथी वेबसाइटवर स्वतः नंबर टाकून बघा, ट्रान्सपोर्टची नोंद चढली आहे की नाही.

शाळेत गेलात की ऑफिसात बसून राहू नका. भिंतीवर आरटीओचं लायसन लावलेलं असायला हवं, त्याची मुदत बघा. मग शिकवायची गाडी दाखवा म्हणा. पुष्कळ ठिकाणी जुनी, रिकामी सहा टायरची गाडी असते आणि मैदानात चार चकरा मारल्या की झालं शिक्षण. दहा टायरची गाडी मालासकट 28.5 टनांपर्यंत पास असते. तेवढं वजन घेऊन तुळजापूरचा घाट उतरायचा म्हणजे काय, ते रिकाम्या गाडीवर कळत नाही. नवा पोरगा घाबरून सारखा ब्रेकवर पाय देतो, डॅशबोर्डवरचा हवेचा काटा खाली खाली येत जातो, ड्रम तापतात आणि खालच्या वळणापर्यंत ब्रेक उरलेलेच नसतात. मुरलेला ड्रायव्हर उतार लागायच्या आधीच गिअर खाली टाकतो आणि इंजिनावर गाडी धरतो. भरलेल्या गाडीवर शिकवता का, घाटात नेता का, हे दोन प्रश्न तोंडावर विचारा. यावर जी शाळा सरळ उत्तर देते, तिची फी चार पैसे जास्त असली तरी मी तिच्याकडंच पाठवीन.

आता नोकरीची हमी. शाळा लायसन मिळवून देऊ शकते, गाडी मात्र मालक देतो. चाळीस-पन्नास लाखांची गाडी आणि वर परक्याचा माल, हे सगळं नव्या पोराच्या हातात कुठलाही शहाणा मालक पहिल्या दिवशी देत नाही. पहिलं वर्ष बहुधा दुसरा ड्रायव्हर म्हणून जातं. रात्री मोकळ्या हायवेवर उस्ताद, म्हणजे मुख्य ड्रायव्हर, गाडी हातात देतो, बाकी वेळ ताडपत्री, रस्सा, टायरची हवा आणि गोडाउनला गाडी लावणं. यात कमीपणा काहीच नाही, खरा धंदा इथंच शिकता येतो. पण पगार मात्र जाहिरातीतला नसतो, हे घरी आधीच सांगून ठेवा. विशेषतः फीसाठी बापानं उचल घेतली असेल किंवा आईनं बचत गटातून पैसे काढले असतील तर.

हमी देणाऱ्याला म्हणावं, कोणत्या मालकाकडे, किती टायरची गाडी, पगार किती आणि भत्ता किती, हे फीच्या पावतीवर लिहून सही द्या. गेल्या वर्षी तुमच्याकडून पास झालेल्या तीन पोरांशी बोलायला द्या. त्या पोरांना एकच विचारा, मागच्या महिन्यात घरी किती पाठवले?

तीस हजारांचं गणित कसं करतात ते बघा. समजा पगार 14,000. भत्ता रोज 400, गाडी 25 दिवस लाइनवर, म्हणजे 10,000. वर मालकानं ठरवून दिलेल्या डिझेलातून वाचवलेले 6,000. झाले तीस. आता तीच गाडी महिन्यात 15 दिवसच चालली, तर भत्ता 6,000 आणि वाचलेलं डिझेल जवळपास शून्य. हातात आले वीस. रस्त्यावर दोन जेवणं, चहा, आंघोळ यात रोजचे 250 धरले तरी 3,750 गेले. घरी पोचले 16,250. काही मालक गाडी उभी असली की पगारही कापतात. ॲव्हरेज कमी आलं, उतरवताना माल कमी भरला, पोच पावती हरवली, तर ते पैसेही ड्रायव्हरकडून घेतात. हे सगळं कामाला लागण्याआधी बोलून घ्यायचं असतं. ओव्हरलोडचंही आधीच विचारा. दंड 20,000 आणि जादा प्रत्येक टनाला 2,000 आहे, तो कोण भरणार?

सोलापुरात हा चढ-उतार फार मोठा असतो. कांद्याचा सीझन भरात आला की मार्केट यार्डात गाड्यांची रांग लागते, हैदराबाद, बंगळुरू, चेन्नईच्या फेऱ्या एकामागून एक मिळतात. शाळा दाखवतात तो आकडा याच दोन-तीन महिन्यांचा असतो. पावसाळ्यात त्याच गाड्या पंपावर उभ्या असतात. म्हणून आषाढात किती मिळतं ते विचारा. वर्षभर त्यातल्या त्यात बरं काम सिमेंटच्या बल्करवर (सुटं सिमेंट नेणारी टाकीची गाडी) किंवा पाकणीच्या इंधन डेपोतल्या टँकरवर मिळतं. पण टँकरला धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसनवर तशी नोंद लागते, आणि तिथं नवख्याला सहसा घेत नाहीत. तो पुढच्या दोन-तीन वर्षांचा बेत ठेवा. जाहिरातीतल्या एसी केबिनच्या फोटोवरही जाऊ नका. एसी केबिनची सक्ती 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या ट्रकांना आहे, तुम्हाला मिळणारी गाडी जुनीच असेल.

ज्यांच्या हलक्या लायसनचं वर्ष अजून भरायचं आहे, त्यांनी ते रिकामं घालवू नये. 2024 साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हलक्या गाडीच्या लायसनवर मालासकट 7,500 किलोपर्यंत वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या गाठी वाहणारे पिकअप भरपूर आहेत. तिथं शहर कळतं, ट्रान्सपोर्टवाले ओळखीचे होतात, आणि पुढे मालक त्यांनाच विचारतो, "पोरगं कसं आहे?" ती चार माणसांची ओळख मला शाळेच्या कुठल्याही हमीपेक्षा मोलाची वाटते.

तेलुगू आणि कन्नड कामापुरतं उचला, दक्षिणेच्या लाइनला ते रोज लागतं. भत्ता वाचवायचा तर निघताना कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून घ्या, चार दिवस काही होत नाही. आणि मूळ लायसन किंवा मार्कशीट शाळेकडे, मालकाकडे कुणाकडेच ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या. मूळ कागद अडवून ठेवला की पगार थकला तरी काम सोडता येत नाही, अशी पोरं मी इथं बघतो आहे.